बेळगावचा किल्ला आणि पेठ जोडीनं बघताना या चुका टाळा

"मॅडम, दीड तासात होतंय न्हवं सगळं? साडेनऊला गोव्याला निघायचंय आम्हाला."

किल्ल्याच्या दारातल्या दुर्गादेवीला आणि गणपतीला हात जोडून होतात न होतात, तोच हा प्रश्न येतो. विचारणारा बहुधा नवरा असतो आणि विचारताना त्याची नजर फोनवर असते. 1818 साली इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेला हा किल्ला घ्यायला 21 दिवस वेढा घालून बसावं लागलं होतं, तो तुम्हाला दीड तासात कसा सर होईल, असं मी हसत म्हणते. हसतात, आणि परत घड्याळ बघतात.

गेली नऊ वर्षं रविवारी सकाळी मी जोडप्यांना बेळगावचा किल्ला आणि पेठेतल्या जुन्या गल्ल्या चालत दाखवते. एका वेळी चार जोड्या, पाचवी घेत नाही. नवीन लग्न झालेली येतात, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस करणारी येतात. मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली आणि घर खायला उठलं म्हणून आलेलीही असतात. माणसं दर वेळी नवी, चुका मात्र त्याच. तोंडानं सांगून दमले, म्हणून आता लिहिते.

एकाच सकाळी सगळं बेळगाव

यादी ठरलेली असते: किल्ला, पेठ, कपिलेश्वर, शहापूर, कॅम्पातलं 1869 चं सेंट मेरी चर्च, मिलिटरी महादेव, आणि वर टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, ते बघायचंच असतं. बघा की. पण दुसऱ्या दिवशी. कॅम्प हे वेगळंच गाव आहे, टिळकवाडी तिसरं. माझ्याबरोबर फक्त किल्ला आणि तीन-चार गल्ल्या होतात, आणि त्यालाही तीन तास लागतात. पावणेसातला सुरुवात. आधी किल्ला, मग पेठ. उलट केलंत तर पेठेत दुकानांची शटरं बंद आणि किल्ल्यात डोक्यावर ऊन.

यावर तरुण मंडळींचा तोडगा म्हणजे गाडी. "मॅडम, आम्ही गाडीवरनं पुढं जातो, तुम्ही या मागनं." मी नाही म्हणते. जुन्या पेठेत जे बघायचं ते पायाच्या उंचीपासून डोक्याच्या वर हातभर एवढ्यातच असतं: उंबरा, कट्टा, भिंतीतली देवळी, लाकडी सज्जाचा कोरलेला कठडा. गाडीवरनं पुढच्याला खड्डे दिसतात, आणि मागं बसलेल्या बाईला बेळगाव म्हणून नवऱ्याची मान दिसते. रिसालदार गल्लीत 1892 च्या ऑक्टोबरमध्ये विवेकानंद भाटे वकिलांच्या घरी उतरले होते. त्या गल्लीतून मी दर रविवारी जाते, आणि दर रविवारी एखादी जोडी हॉर्न वाजवत आमच्या शेजारून निघून जाते. ती पुढं कुठं पोचते, मला कधी कळलेलं नाही.

कमळ बघायचं सोडून कमळाचा फोटो

हा माझा खास राग आहे, त्यामुळं इथं जरा बसते.

किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची. सौंदत्तीहून राजधानी वेणुग्रामाला, म्हणजे आपल्या बेळगावला आणणाऱ्या रट्ट राजांच्या काळातली; चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. आत नेमिनाथ. मंडपाचे खांब चरकावर फिरवल्यासारखे गुळगुळीत, आणि छताला मधोमध खाली झुकलेलं दगडी कमळ. त्याच्या पाकळ्या 72 धरतात: होऊन गेलेले, चालू काळातले आणि पुढं होणारे असे 24-24 तीर्थंकर.

लोक बाहेरच्या उन्हातून आत येतात, मान वर करतात, काही दिसत नाही. मग फोन काढतात, फ्लॅश मारतात, फोटो बघतात, "वॉव" म्हणतात आणि बाहेर. पुरं दीड मिनिट. आता यात चुकतं काय? उन्हातून अंधारात आल्यावर डोळा सावरायला काही मिनिटं लागतात, तेवढं कुणी थांबत नाही. आणि नक्षी दिसते ती सावलीमुळं. समोरून झगझगीत उजेड मारला की सावली पळते आणि कमळाची होते थाळी. घरी जाऊन बघितलं की म्हणतात, फोटोत काय तसं आलं नाही.

माझी रीत अशी. चपला काढल्या की आधी कोपऱ्यात खांबाच्या बाजूला उभं राहायचं आणि गप्प राहायचं. फोन पिशवीत. डोळे सरावले की कमळाखाली जायचं, एकानं उजवीकडून पाकळ्या मोजायच्या, दुसऱ्यानं डावीकडून, आणि मग बेरीज करायची. पहिल्या खेपेला बरोबर 72 आलेली जोडी मला अजून भेटायची आहे. "तू ती मोजलीस, मी पण तीच मोजली" यावरून जी लुटुपुटीची भांडणं होतात, तेवढ्यात दहा मिनिटं जातात आणि कमळ आपोआप बघून होतं. यामागं शास्त्र काही नाही. एकदा सुचलं, जमलं, म्हणून चालू आहे.

शेजारची चिक्की बसदी पडझडीची आहे, म्हणून तिच्याकडं कुणी वळत नाही. चिक्क म्हणजे कन्नडमध्ये लहान, एवढं सांगून मी पाच मिनिटं तरी तिथं उभं करतेच. 1519 सालच्या, आदिलशाही सरदार असदखान लारीच्या सफा मशिदीबद्दलही तेच. एकाला एक लागून बघितलं तरच इथं कोण कोण येऊन गेलं ते डोक्यात बसतं.

जोडीतल्या एकाशीच बोलणं

ही चूक माझी. पण जोडपीही तिला हातभार लावतात, म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी चिकोडीकडचं एक जोडपं आलं होतं, पन्नाशीतलं. नवरा बोलका, प्रत्येक वाक्याला "हो का?", "अरे वा!" अशी दाद देणारा. बायको मागं, पदर खांद्यावर घेऊन शांत. मी स्वतः बाई, तरी तासभर त्यांच्या नवऱ्याकडंच बघून बोलत राहिले. दाद मिळते तिकडं तोंड वळतं, दुसरं काय. बसदीत आलो. मी ठसक्यात सांगितलं, "बिचिराजाचा शिलालेख पूर्वी इथंच होता, काळाच्या ओघात नाहीसा झाला."

मागून हलका आवाज आला. "नाहीसा नाही झाला हो, ताई. दोन शिळा आहेत. दोन्ही लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात आहेत, आम्हाला एम.ए.ला होत्या."

आणि मग त्या बोलायला लागल्या. या देवळाचं लेखातलं नाव रट्ट-जिनालय, गावाचं नाव वेणुग्राम, राजाचा भाऊ मल्लिकार्जुन याचा उल्लेख. बाकीच्या तीन जोड्या कधी त्यांच्याभोवती गोळा झाल्या, कळलं नाही. मी पाण्याची बाटली उघडून बाजूला उभी. नवरा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, ती कन्नडची प्राध्यापिका आहे. माझं टायरचं दुकान. तुम्ही मलाच सांगताय म्हटल्यावर मी ऐकत होतो."

तेव्हापासून दारातच मी दोघांना वेगवेगळं विचारते, तुम्ही काय करता आणि तुम्हाला काय बघायचंय. गंमत म्हणजे निम्म्या वेळा बायकोचं उत्तरही नवराच देतो. "तिला काय, साड्या!" त्याला मी गणपतीपुढं उभा करते आणि बायकोला चार पावलं पुढं नेऊन परत विचारते. एकीला खंदकात कधी पाणी सोडत होते ते विचारायचं होतं, एकीला नुसतं शांत बसायचं होतं. उलटही होतं. कविता करणाऱ्या एका नवऱ्याला त्याची बायको सारखी "चला, चला" करत होती. तर जोडीनं येणाऱ्यांना एवढंच सांगणं: एकमेकांच्या वतीनं बोलू नका. आणि गाईड एकाकडंच बघून बोलत असेल तर दुसऱ्यानं सरळ जागा बदलून तिच्या समोर उभं राहावं. मी वाईट वाटून घेत नाही.

प्री-वेडिंगची चोरटी हौस

चालायला येतो म्हणून नाव घालायचं आणि फोटोग्राफर बरोबर आणायचा, हा प्रकार अलीकडं वाढलाय. किल्ल्यात लष्कराचा वावर आहे आणि बसदी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली संरक्षित वास्तू. ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते. ड्रोनचा तर विचारही नको. एका पोरानं तो उडवलाच. बॅटरीत दम होता तेवढ्यातच जवान आला. मग ओळखपत्रं, फोटो पुसणं, विचारपूस. नवरी पाच किलोचा लेहंगा सावरत दगडावर बसलेली, आणि बाकीची सहा माणसं खंदकाकडं बघत उभी. तास गेला. आता बॅगेचा आकार बघूनच मी आत घेते.

पाऊस

जुलैत एका छत्रीत दोघं, हे चित्र ज्यानं काढलं तो बेळगावला पावसाळ्यात राहिलेला नसणार. आपण सुमारे अडीच हजार फुटांवर आहोत आणि इथली झड वाऱ्यावर आडवी येते. एका छत्रीत दोघांचाही एकेक खांदा भिजतो, मग छत्री कुणी नीट धरली नाही यावर चर्चा सुरू होते, ती पेठेपर्यंत पुरते. दोन रेनकोट आणा. छत्री गल्लीत लोकांच्या डोळ्यांत जाते.

बाकी बारीकसारीक

लेसचे बूट नकोत. देवळं, बसदी, मशीद मिळून पाच-सहा वेळा काढघाल होते, आणि दर वेळी सात माणसं एकाच्या गाठीसाठी थांबतात.

वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. मिरवणूक जरूर बघा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेठ बघायला येऊ नका. पेठ झोपलेली असते.

पुण्याकडच्या मंडळींना विनंती, प्रत्येक दुकानदाराला "तुम्ही मराठी की कानडी?" असं विचारू नका. मराठीत बोला, तो मराठीत उत्तर देईल, मागं वळून पोराला कन्नडमध्ये हाक मारील आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी उर्दूत घासाघीस करील. सरकारी कागदावर 2014 पासून बेळगावी आहे, आमच्या तोंडात बेळगाव. सीमावाद आम्ही जन्मापासून ऐकतोय. तीन तास तरी सुट्टी द्या.

कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, शेवटी घ्या. सुरुवातीला घेतला की हातात डबा, आणि डब्यात बोटं. मांडे मात्र पाठीवरच्या पिशवीत कोंबू नका. उपड्या कढईवर भाजलेली ती कागदासारखी पातळ घडी आहे, घरी पोचेपर्यंत चुरा होतो आणि मग खरंच मनातलेच मांडे खावे लागतात. खोका मागून घ्या, आणि तो कुणी धरायचा ते आधी ठरवा.

तीन तासांनंतरही पायात जोर असेल तर कपिलेश्वराच्या बाजूच्या पुलावरून शहापुरात जा. माझ्याशिवाय. 1948 पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं. म्हणजे आजी-आजोबांच्या काळात बेळगावहून शहापूरला जाणं म्हणजे इंग्रजांच्या मुलखातून पटवर्धनांच्या मुलखात जाणं होतं. विणकरांचं गाव, साड्यांची जुनी पेठ. तिथं बायको साडी बघायला बसली की नवऱ्यानं दारात उभं राहून घड्याळ बघू नये. आत खुर्ची असते. बसावं, आणि दुकानदार काठ उलगडून दाखवतो तेव्हा काठाकडं बघावं.