अनुदानाचे पैसे आले नाहीत? आधी ते कुठे गेले ते शोधा

“लाडक्या बहिणीचे पैसे बंद झाले” म्हणून रडत आलेल्या बाईला मी पहिल्यांदा खाली बसवते, पाणी देते आणि विचारते, “मावशी, तुमची एकूण खाती किती?” उत्तर येतं, “एकच.” मग प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुकं बाहेर निघतात. जनधनचं एक, बचत गटाच्या वेळचं एक, सोसायटीच्या कर्जासाठी काढलेलं एक. चौथ्याचं पासबुकच नसतं. ते सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं असतं आणि त्याचा मावशींना पत्ताही नसतो.

मी बँकेच्या ग्रामीण शाखेत २७ वर्षं काउंटरवर होते. आता बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसते. तिथं जे करते तेच इथं लिहिते. घरात आई, सासू, काकू असेल तर तिच्यासाठी हे करा. तहसीलला खेप घालण्याआधी करा, कारण एका खेपेत तिचा दिवसाचा रोज बुडतो.

आधी एक फरक समजून घ्या. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग होणं, म्हणजे तुमच्या आधारापुढे बँकेचं नाव लागणं, वेगळं. खात्याला आधार तुम्ही चार बँकांत जोडू शकता, पण सरकारी पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येतो. त्या आधारापुढे एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, यादीत एकाच बँकेचं नाव असतं. ज्या बँकेने शेवटचं सीडिंग केलं, तिचं. मी स्वतः कित्येक बायकांना “आधार जोडलंय, काळजी करू नका” असं सांगून परत पाठवलं आहे. जोडलेलं होतं, सीडिंग नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता यादीत कुठल्या बँकेचं नाव आहे ते बघा. मोबाईलवर ‘माय आधार’ संकेतस्थळ उघडा, आधार क्रमांक टाका, ओटीपी येईल. आत ‘बँक सीडिंग स्टेटस’ आहे. तिथं बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही, एवढं दिसतं. ओटीपी येत नसेल तर आधारला जुना नंबर असतो, बहुतेक वेळा मुंबईला गेलेल्या मुलाचा. त्याला फोन लावून ओटीपी विचारा आणि सवडीने आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर घाला.

नाव अनोळखी बँकेचं निघालं तरी घाबरू नका. पैसे काढायला पासबुक लागत नाही. आधारवर पैसे देणाऱ्या केंद्रात किंवा पोस्टमनकाकांच्या मशीनवर त्या बँकेचं नाव निवडायचं, आधार क्रमांक द्यायचा, अंगठा ठेवायचा. आधी फक्त शिल्लक बघा. मागे एका मावशींचा अंगठा पाच वेळा उठेना. कांदा काढून काढून रेघाच पुसल्या होत्या. बोटं कोमट पाण्याने धुतली, पदराला कोरडी केली आणि मधलं बोट लावलं. पडद्यावर ९,००० रुपये आले. सहा महिने त्या ज्या पैशांसाठी हेलपाटे घालत होत्या, ते तिथं तसेच पडून होते.

अंगठ्याबाबत एक गोष्ट कधीही सोडू नका. “सर्व्हर डाउन आहे, परत ठेवा” असं कोणी म्हणालं तर प्रत्येक वेळेची पावती मागा. व्यवहार फसला तरी पावती निघते. पावती नाही तर दुसऱ्यांदा अंगठा नाही.

पुढचे हप्ते हव्या त्या खात्यात यावेत म्हणून त्या खात्याच्या शाखेत जा आणि “डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय” असं स्पष्ट सांगा. नुसतं “आधार लिंक करा” म्हणू नका. आधीच्या बँकेचं नाव अर्जात लिहा, पोच घ्या, आठवड्याने पुन्हा स्टेटस बघा. जुने हप्ते आपोआप इकडे येत नाहीत, ते जुन्या खात्यातूनच काढावे लागतात. किमान शिलकीपायी पैसे कापले जात असतील तर त्याच शाखेत खातं किमान शिलकीची अट नसलेल्या बेसिक बचत खात्यात बदलून मागा.

सीडिंग चालू आहे आणि कुठल्याच खात्यात पैसे नाहीत, तरच अडचण योजनेची. लाडक्या बहिणीसाठी ई-केवायसी आणि अपात्रतेचं कारण बघा. ज्या शेतकरी बाईला पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,००० येतात, तिला इथे महिन्याला १,५०० नाही, फरकाचे ५०० मिळतात. ते बंद पडणं नव्हे. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ असेल तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला विचारतील. तिथं सीडिंगच्या पानाची छापील प्रत घेऊन जा, म्हणजे “बँकेत जा” असं सांगून परत पाठवता येत नाही.

२०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत सरसकट मूळ उत्पन्नाची, म्हणजे सरकारने प्रत्येकाला ठरावीक रक्कम देण्याची, चर्चा होती, माणशी वर्षाला ७,६२० रुपये. मला ती कल्पना मनापासून पटते. विधवा असल्याचं, गरीब असल्याचं, टाकून दिल्याचं कागदावर सिद्ध करायला लागू नये, असं मला काउंटरवर रोज वाटायचं. पण उद्या ते आलं तरी दाखले जातील, अंगठा आणि सीडिंग राहील. म्हणून प्रत्येक गावात हे बघून देणारं कोणीतरी हवं, आणि ते पगारी हवं.

तोवर एक करा. वहीच्या शेवटच्या पानावर तिच्यासाठी तीन ओळी लिहून ठेवा: सीडिंग कुठल्या बँकेत, आधारला कुठला मोबाईल, शेवटचा हप्ता कधी आला. तिला वाचता येत नसेल तर त्या बँकेच्या पासबुकावर लाल दोरा बांधा.