पोदेराच्या भोंग्यावर घड्याळ लावा: पणजीत नवीन राहायला येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहून पणजीत राहायला येणारे, म्हणजे आमच्यासारखे, लॅपटॉपवर नाहीतर कागदावर पोट असणारे लोक, मला फोन करून भाडं किती, नेट कसंय, लाईट जाते का एवढंच विचारतात आणि मग तीन महिन्यांनी परत फोन, की इथं कोणी काम करत नाही गं, कधीही जावं तर दुकान बंद, माणसं पण जरा तुटकच. तुटक नाहीत. तुमची अजून ओळख झालेली नाहीये, इतकंच. आणि ओळख करून घ्यायची पद्धत इथं थोडी वेगळी आहे, ती मी नऊ वर्षांत चुका करत करत शिकले. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, मूळची सांगलीची.

सुरुवात पोदेरापासून करा. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, मागे प्लास्टिकने झाकलेली टोपली आणि हाताशी रबरी भोंगा. पहाटे एक फेरी, संध्याकाळी चारनंतर एक. पहिल्या दिवशी फक्त गेटपाशी सुटे घेऊन उभं राहायचं, बाकी काही नाही. वरच्या मजल्यावरून "ओ पाववाले" ओरडू नका, मी ओरडले होते आणि तो थांबला पण खालच्या काकूंनी जे बघितलं ना माझ्याकडे! चार-पाच दिवस रोज तिथंच उभे राहिलात की तो तुमच्या घरासमोर आपणहून स्लो होतो. घ्यायचं काय, तर उंडो म्हणजे वरून कडक गोल पाव, हा रस्सा असेल तर, पोई म्हणजे कोंड्याची, आतून पोकळ, खिशासारखी उघडते, तिच्यात सुकी भाजी भरा नाहीतर ऑम्लेट. कात्रो फुलपाखराच्या आकाराचा. कांकणं कडक असतात, चहात बुडवून खायची, दातांची काळजी असेल तर जास्त वेळ बुडवा. पाव त्याच दिवशी संपवायचा, दुसऱ्या दिवशी तव्यावर टाकल्याशिवाय मजा नाही.

आता हे सगळं कामाच्या दृष्टीनं का सांगतेय तर माझा अख्खा दिवस त्या दोन भोंग्यांमध्ये बसवलाय. सकाळचा पाव, चहा, मग, बाहेरचं काम नसेल तर, साडेबारापर्यंत टेबल सोडायचं नाही. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात, त्यावेळी झेरॉक्स, प्रिंट, कुरियर, फ्रेमवाला असलं काही काढूच नका, बारा-साडेबाराच्या आत उरका. रविवारी तर नाहीच. आणि दुपारी शेजारच्यांची बेल वाजवायची नाही, अगदी मिठाई द्यायची असली तरी नाही. सुशेगाद म्हणून हसतात लोक, मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत असा आहे, आळशी असा नाही. पहाटे उठलेली माणसं आहेत, दुपारी झोपणारच. मी एक वर्षभर दुपारी हट्टानं काम करून बघितलं, उकाड्यात घाम कागदावर पडून वॉटरकलरचे डाग, शेवटी झोपायला लागले आणि संध्याकाळच्या भोंग्याला उठून पुन्हा दोन तास काम, ते चांगलं होतं. पुण्याच्या क्लायंटला एकदाच स्पष्ट सांगून टाका की एक ते चार फोन लागणार नाही. चिडतात. मग सवय होते.

मासे हा मोठा विषय आहे, घाई करू नका. मार्केटात मासेवालीला "बाय" म्हणा, म्हणजे आपलं ताई. प्रत्येक बांगडा उचलून डोळे, कल्ले, पोट दाबून बघायचं नाही. लहान मासे बऱ्याचदा वाट्यावर मिळतात, तारले, बांगडे वगैरे, मोठा इसवण, म्हणजे सुरमई, कापून घेता येतो. भाव करा, पण आवाज चढवून नाही आणि भाव ठरल्यावर "राहू दे" म्हणून निघून जायचं नाही, ते लक्षात राहतं. एकीकडेच जा. सहा महिने मी स्वस्त कुठं म्हणून रोज वेगळ्या ठिकाणी गेले आणि सहा महिने मला बरफातला शिळा मासा मिळाला, माझ्याच अक्कलहुशारीनं. मग एकीला धरून राहिले. एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "आयज बांगडो नाका गे, तारले व्हर." म्हणजे आज बांगडा नको, तारले ने. त्या दिवशी मला वाटलं आता मी इथं राहते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा इसवण-पापलेट नाही म्हणून तोंड पाडू नका, खाडीतले मासे, तिसऱ्या, खुबे, आणि सुक्या जवळ्याचं खोबरं घालून किसमूर शिका कोणाकडून तरी. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या रश्शात, तिरफळं घालायची, वाटायची नाहीत, नुसती ठेचून टाकायची, आणि खाताना बाजूला काढायची, नाहीतर जीभ बधिर. सोमवारी आणि श्रावणात अनेक हिंदू घरांत मासे नसतात, जेवायला बोलवायच्या आधी वार बघा.

बाहेर खायचं तर सकाळी भाजी-पाव. कॅफे भोसले, कॅफे तातो, कुठंही जा, पातळ भाजी का सुकी का मिक्स ते आधीच ठरवून बसा, वेटरकडे वेळ नसतो. तुमच्या टेबलावर समोर अनोळखी माणूस येऊन बसेल, विचारेलच असं नाही, भुवया उंचावू नका. आणि तिथं लॅपटॉप उघडून दोन तास बसू नका हो, प्लीज. लोक उभे असतात.

भाषेचं जरा जपून. पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी "कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना" असं म्हणू नका. १६ जानेवारी १९६७ ला इथं कौल घेतला होता, महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं, आणि दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. घराघरांत त्यावरून वाद झाले, अजूनही त्या पिढीतली माणसं आहेत. १९८७ च्या कायद्यानं कोकणी राजभाषा झाली, मराठीही सरकारी कामात वापरता येते. गंमत म्हणजे माझ्या घरमालकीण बाई दिवसभर कोकणी बोलतात, सकाळी पेपर मराठी वाचतात, चतुर्थीला आरत्या मराठीत, आणि त्यांच्या गावच्या जत्रेत रात्री उशिरा सुरू होणारं नाटकही मराठीत. त्यामुळे इथं तुमची मराठी कोणाला परकी नाहीये, फक्त ती मोठ्या भावासारखी वागवू नका. दोन-चार शब्द शिका, "कितलें" म्हणजे किती, "फाल्यां" म्हणजे उद्या, "देव बरें करूं" म्हणजे धन्यवाद. चुकलं तर हसतात, पण चांगलं हसतात. नाटकाला बोलावलं तर जा आणि मध्येच उठू नका, स्टेजवर बोलावणाऱ्याचा मेव्हणा असतो.

फोंतेन्हासमध्ये, म्हणजे पणजीतल्या जुन्या रंगीत घरांच्या वस्तीत, चित्रं काढायला जाणार असाल तर हे वाचाच. ती घरं आहेत, सेट नाही. पायऱ्यांवर बसून, कोणाच्या दाराला टेकून फोटो काढणाऱ्यांना तिथले लोक इतके कंटाळलेत की जागोजागी पाट्या लावल्यात. स्केचबुकवाल्यांना थोडी सूट मिळते, पण विचारून. खिडकीत कोणी दिसलं तर मान हलवा, बसू का विचारा, स्वतःचं स्टूल न्या, वाट अडवू नका. आणि तासाभरानं कोणीतरी मागून येऊन बघणार, हे धरूनच चाला. मला एका आजोबांनी सांगितलं की हे जनेल, म्हणजे खिडकी, तू पिवळं केलंस पण ते पूर्वी निळं होतं, आणि मग निळं असताना तिथं कोण राहायचं ते अर्धा तास. चित्र राहिलं तसंच. दुसऱ्या दिवशी मी निळं जनेल काढलं, आणि ते माझं एक सगळ्यात बरं चित्र झालं, पुस्तकात आलं. असा अर्धा तास वाया जाऊ द्यायचा.

जागा कमी पडली तर पणजीतच पाटो भागात सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ सालची संस्था, इमारत नवी, बसायला भरपूर जागा, फोन मात्र बाहेर. डोकंच चालत नसेल तर रायबंदरहून चोडण बेटाची फेरीबोट पकडा, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, परत या. मला बऱ्याच गोष्टी त्या बोटीवर सुचल्यात, आणि बऱ्याच सुचल्या नाहीत पण वारा मिळाला.

शेजाऱ्यांचं एकच लक्षात ठेवा, आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही. चतुर्थीला नेवऱ्या म्हणजे करंज्या येतील, नाताळला दोदोल, बेबिंक असं गोड येईल. मी पहिल्या वर्षी डबा धुवून, चकचकीत करून, रिकामा दिला. काकू काही बोलल्या नाहीत. नंतर कळलं. आता शेंगदाण्याची चटणी भरून देते, सांगलीहून आईनं पाठवलेली, तिची वाट बघतात लोक. चतुर्थीला घरी बोलावलं तर माटोळी बघायला मान वर करा, गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं, फुलं, सुपारीचे घड बांधलेले असतात, आणि एकेकाचं नाव विचारा. दहा मिनिटं सांगतील. तेवढ्यासाठी तरी चित्रकारानं जायलाच हवं.

गेल्या पावसात मला ताप आला, दोन दिवस मी खालीच उतरले नाही. तिसऱ्या दिवशी पोदेर गेटवर भोंगा वाजवत राहिला, थांबेचना, शेवटी मी कशीबशी खिडकीत आले. "कितें गे, पाव नाका?" म्हणाला, आणि चार उंडे पिशवीत घालून गेटला अडकवून गेला, पयशे फाल्यां. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे सुटे नव्हते, ते वेगळं.