फास्ट चार्जरवर या चुका टाळा, लाल बटणाला तर उगाच हातही लावू नका

लाँग वीकेंडच्या आदल्या संध्याकाळी पुणे-कोल्हापूर हायवेवर इलेक्ट्रिक गाड्यांच्या कुठल्याही फास्ट चार्जरपाशी अर्धा तास उभं राहून बघा. मशीनला शिव्या घालणारे चार जण भेटतील आणि त्यातल्या तिघांचं मशीनने काहीही वाकडं केलेलं नसेल. मशीनं बिघडतात, बिघडली की आठवडा-आठवडा तशीच पडून राहतात, हे मान्य. पण रांग लांबते ती बहुतेक वेळा माणसांमुळे. त्यात २०२५च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आली आणि हिरव्या नंबरप्लेटची गर्दी आणखी वाढली. नवीन माणूस आला की जुनीच चूक नव्याने होते. तेच तेच बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

शंभर टक्क्यांचा हट्ट

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

बॅटरी रिकामी असते तेव्हा ती करंट भराभर घेते. सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकायला लागलं की गाडीतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, करंट उतरवते. तिने तसं केलं नाही तर लिथियम सेलच्या आत नीट मुरत नाही, ॲनोडवर वरच्यावर साचत जातं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. बहुतेक गाड्यांत हा उतार ८० टक्क्यांच्या आसपास लागतो. मशीनच्या स्क्रीनवर नजर ठेवलीत तर स्वतःलाच दिसेल: मघाशी ४० किलोवॅट दाखवणारा आकडा ८५ टक्क्यांना निम्म्यावर आलेला असतो आणि ९५च्या पुढे पाच-सात किलोवॅटवर रेंगाळतो. म्हणजे घरच्या भिंतीवरच्या एसी चार्जरचा, घरातल्या साध्या विजेवर चालणाऱ्या संथ चार्जरचा, वेग. तेवढ्यासाठी तुम्ही घरच्यापेक्षा सहज दुप्पट दर मोजताय, वर १८ टक्के जीएसटी, आणि मागे तीन गाड्या उभ्या.

साताऱ्याजवळ एक काका भेटले होते. गाडी ८३ टक्क्यांवर, आम्ही रांगेत.
"काका, कुठे निघालात?"
"पुण्याला. कोथरूड."
"मग निघालात तरी चालेल की. घरी पोचून चाळीसच्या वर शिल्लक राहतील."
"अहो, पाचशे रुपये भरलेत ॲपमध्ये. फुल करूनच निघणार."

पाचशे भरले म्हणजे पाचशेची वीज संपवलीच पाहिजे असं कुणीही सांगितलेलं नाही. बिल युनिटवर होतं, उरलेले पैसे वॉलेटमध्ये राहतात. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि परत गाडीत बसून एसी लावला. पुढचे सतरा टक्के व्हायला जवळजवळ तेवढाच वेळ गेला, जेवढा आधीच्या साठ टक्क्यांना लागला असेल. काकूंनी तेवढ्यात दोन वेळा चहा घेतला.

माझी सवय अशी: १५-२० टक्क्यांवर पोचायचं, ७५-८०ला निघायचं. लांबच्या प्रवासात एकच दीड तासाचा थांबा घेण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांचे दोन थांबे मला परवडतात, आणि पाठही मोकळी होते. पुढच्या टप्प्यात चार्जरच नसेल, कोकणात आत कुठे जायचं असेल, तर ९०पर्यंत थांबा, कुणी काही म्हणणार नाही. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाले लगेच म्हणतील की आम्हाला कंपनीनेच अधूनमधून शंभर करायला सांगितलंय. सांगितलंय, बरोबर. ते घरी करा, रात्री, एसीवर. टक्क्यांचा अंदाज सुधारायला हायवेची रांग लागत नाही.

आणखी एक. घाटमाथ्यावर शंभर टक्के करून लगेच घाट उतरू नका. लोणावळ्याला फुल करून खोपोलीकडे उतरलात तर बॅटरीत जागाच नसते, त्यामुळे रिजेन, म्हणजे उतारावर मोटरने वीज बनवून परत बॅटरीत भरणं, जवळजवळ बंद. घाटाने फुकट दिलेली वीज वाया जाते आणि सगळा भार ब्रेकवर. गाडी "अशी का पळतेय" म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन करणारे लोक मी पाहिलेत.

मशीनवरचा आकडा म्हणजे आपला वेग, हा गैरसमज

मशीनवर १२० लिहिलंय म्हणून गाडी १२० घेत नाही. गाडी तिच्या कुवतीपुरतंच घेते. छोटी हॅचबॅक १२० किलोवॅटच्या मशीनला लावा नाहीतर ३०च्या, वेळेत फारसा फरक पडत नाही. आयोनिक ५सारख्या ८०० व्होल्टच्या गाडीला मात्र मोठं मशीन खरंच लागतं. म्हणून शेजारी ३०चं रिकामं असताना छोटी गाडी १२०ला लावून जेवायला जाऊ नये. नियम नाही हा, पण माणुसकी आहे.

शिवाय ६० किलोवॅटच्या मशीनला बहुधा दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे केबलचे प्लग, असतात. दोन्ही लागल्या की बहुतेक मशीनं ३०-३० वाटून देतात. शेजाऱ्याने गाडी लावली आणि तुमचा वेग पडला तर तो "तुमची वीज चोरत" नाहीये. हे वाक्य मी खरंच ऐकलंय, अंगावर धावून जाऊन म्हटलेलं.

मॅपवर नुसतं "ईव्ही चार्जर" शोधणाऱ्यांनी फिल्टर लावायला शिकावं: डीसी (म्हणजे फास्ट), सीसीएस २ (म्हणजे गनचा प्रकार). नाहीतर मॉलच्या बेसमेंटमधल्या ७ किलोवॅटच्या एसी पॉइंटपाशी पोचाल. आणि एमजी कॉमेटसारख्या गाडीला डीसी फास्ट चार्जिंगची सोयच नाही, ती घेऊन डीसी गनपाशी येऊन "बसत नाहीये" म्हणण्यात अर्थ नाही.

लाल बटण

मशीनच्या पुढ्यात जाडसर लाल बटण असतं. ते आग लागली, धूर आला, केबल तुटून शॉक बसायची भीती असली, तर दाबायचं. चार्जिंग थांबवायचं बटण ते नव्हे. इतकं साधं आहे, तरी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी ते दाबतंच.

कराडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात दोन गनचं मशीन आहे. संध्याकाळची वेळ, एका गनला माझी गाडी, दुसरीला एका तरुणाची कोरी गाडी, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मागे दोन जण थांबलेले. पोराचं काम झालं, त्याने ॲपमध्ये थांबवायचं बटण दाबलं. नेटवर्क एक कांडी. चक्र फिरत राहिलं. दहा सेकंद, वीस सेकंद. घरचे आत बसून हाका मारतायत. तो उतरला, मशीनकडे बघितलं आणि सरळ लाल बटणावर तळहात मारला.

आतून खट्ट आवाज आला आणि मशीनचा पंखा थांबला. पंखा चालू असताना त्याची घरघर आपल्या लक्षातही येत नाही. बंद झाला की एकदम कळतं. स्क्रीनवर इंग्रजीत लाल अक्षरं. माझी गाडी ५२ टक्क्यांवर थांबली, कारण बटण दोन्ही गनचं एकच. आणि त्याची स्वतःची गन गाडीतच लॉक.

आता तो गन उपटायला लागला. मी म्हटलं, "दादा, ओढू नका, लॉकची पिन तुटेल. आधी गाडी चावीने लॉक करून परत अनलॉक करा." दुसऱ्या खेपेला टक् झालं आणि गन सुटली. तो "सॉरी हां काका" म्हणून निघून गेला. मशीन आमच्या गळ्यात.

कस्टमर केअरला फोन लावला. तिकडून चार्जरचा नंबर विचारला, तो स्टिकर पावसाने पुसलेला. मग तक्रार नोंदवली, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत निरसन होईल म्हणाले. शेवटी हॉटेलचा वॉचमन आला. त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे, त्याने लाल बटण बाणाच्या दिशेने पिळलं, ते टप् करून बाहेर आलं, आणि म्हणाला, "आता हात नका लावू कुणी. पाच मिनटं." मशीन स्वतःशीच दिवे लावत-विझवत बसलं आणि खरंच चालू झालं. मागच्या रांगेतल्या एकाने मध्येच गन घुसवायचा प्रयत्न केला, त्याला वॉचमनने असा काही झापला की मला बोलायची गरजच पडली नाही.

तर उपाय तोच. कुणी बटण दाबून गेलं असेल तर बाणाच्या दिशेने पिळून सोडवा, कुणीही काहीही न जोडता पाच मिनिटं जाऊ द्या. तरी उठलं नाही तर फोन. मागचं पॅनेल उघडून एमसीबी खालीवर करायला जाऊ नका, आत काय व्होल्टेज असतं याची कल्पना नसलेल्यांनी तर मुळीच नाही.

आणि नेट नसताना थांबवायचं कसं? मशीनच्या स्क्रीनवर थांबवायची सोय असते ती बघा. आरएफआयडी कार्डाने सुरू केलं असेल तर तेच कार्ड परत टेकवा. बऱ्याच गाड्यांत गाडी अनलॉक केली किंवा गाडीच्या स्क्रीनवरून थांबवलं तरी चालतं. मी कार्डच वापरतो. ॲपवाल्यांचं रात्री नऊनंतर ओटीपीसाठी आभाळाकडे फोन धरून फिरणं बघितल्यावर कार्डाचे पैसे वसूल वाटतात.

पाच टक्क्यांवर पोचण्यातली मर्दुमकी

"मी चार टक्क्यांवर पोचलो" हे लोक अभिमानाने सांगतात. पोचलात, पण मशीन बंद असतं तर?

गाडीचं रेंजचं मीटर मागच्या चालवण्यावरून अंदाज बांधतं, पुढचा घाट त्याला दिसत नाही. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साधारण साडेपाचशे मीटर उंची येते. माणसं आणि सामान धरून १९०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला पावणेतीन युनिटच्या वर लागतात, आणि मोटरमधलं नुकसान धरलं तर तीन. सपाटीवर एका युनिटला सहा-सात किलोमीटर मिळत असतील, तर वीसेक किलोमीटरची रेंज घाट असाच गिळतो, रस्त्याला लागते ती वेगळी. ३० युनिटच्या बॅटरीत हे दहा टक्के झाले. मग खोपोलीत "बारा टक्के आहेत, पोचू आरामात" म्हणणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको.

वेगाचंही तेच. ८० ऐवजी १००ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. चार्जरपाशी लवकर पोचायच्या नादात जास्त वेळ चार्जरवर बसता. पंधरा टक्क्यांच्या खाली आलात आणि चार्जर लांब असेल तर ८०ला या, मागचा हॉर्न मारेल, मारू दे.

माझा हट्ट एकच: जिथे जातोय त्या चार्जरवरून पुढच्या किंवा मागच्या चार्जरपर्यंत जाता आलं पाहिजे, एवढी बॅटरी शिल्लक असताना पोचायचं. आणि ॲपमधल्या हिरव्या टिंबावर विश्वास नाही ठेवायचा. प्लगशेअर ॲपवर शेवटचं यशस्वी चार्जिंग कधीचं आहे ते बघतो, आणि चार्जर हॉटेलमध्ये असेल तर हॉटेलला फोन करतो. "तुमच्याकडचं चार्जिंग चालू आहे का, आज कुणी गाडी लावली का?" गल्ल्यावरच्या माणसाचं उत्तर ॲपपेक्षा खरं असतं. पुण्यात गुरुवारी तर विचाराच, महावितरणची दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात आणि वीजच नसली तर मशीन काय करणार.

बाकीच्या, थोडक्यात

गन जड असते, केबल तिला खाली ओढते, पिना नीट बसत नाहीत आणि मशीन संपर्क तुटल्याचं दाखवतं. खालून हाताने आधार देऊन आत दाबून धरा, लॉकचा आवाज आला की सोडा. "सुरूच होत नाही" या तक्रारीतल्या कितीतरी इथेच संपतात.

वॉलेटमध्ये पैसे घरून निघतानाच भरा. चार कंपन्यांची चार ॲप ठेवावी लागतात, वैतागवाणं आहे, इलाज नाही.

मे महिन्यात एक्स्प्रेस वेवर दामटून आल्या आल्या वेग कमी मिळाला तर मशीन बदलत फिरू नका. बॅटरी तापलेली असते, गाडीच करंट कमी घेते.

सोसायटी परवानगी देत नाही म्हणून रोजचं सगळं चार्जिंग फास्ट चार्जरवर करणाऱ्यांनी सोसायटीशी भांडावं. साधा एसी पॉइंट मिळाला तरी खर्च आणि कटकट दोन्ही निम्म्यावर येतात.

गन झाली की जागेवर लावा. पावसाळ्यात चिखलात टाकून गेलेल्या गनच्या पिना पुढचा माणूस रुमालाने पुसतो आणि मग त्याचं चार्जिंग इन्सुलेशनच्या एररवर अडकतं.

थाळी मागवायच्या आधी डॅशबोर्डवर फोन नंबर ठेवा आणि फोन आला तर उचला. काही ठिकाणी चार्जिंग संपल्यावर गाडी न हलवल्याचे मिनिटाला पैसे लागतात. माझ्या मते ते सगळीकडे लागायला हवेत, आणि दुप्पट.