डिजिटल इम्प्लांट शस्त्रक्रिया: गाइड नीट बसले म्हणून निश्चिंत होऊ नका, आणि या चुका टाळा

गाइड (ड्रिलला आखलेली जागा आणि दिशा देणारे, दातांवर बसवायचे साच्यासारखे साधन) दातांवर घट्ट बसले, जराही हलले नाही, म्हणजे इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम मूळ) आखलेल्या जागीच जाणार, असे मला सतत कोणी ना कोणी डॉक्टर खात्रीने सांगतात. हा समज चुकीचा आहे आणि रुग्णाला महागात पडणारा आहे. मी नाशिकमध्ये कृत्रिम दंतोपचाराचे काम करतो आणि त्यासोबत शहरातल्या, तसेच सिन्नर, निफाड, मालेगावकडच्या सहकाऱ्यांच्या केसेसची डिजिटल आखणी तपासून देतो. आज शहरात सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन) काढून घेणे अवघड राहिलेले नाही, तोंडात फिरवण्याचे स्कॅनर अनेक दवाखान्यांत आले आहेत, आणि गाइड मुंबई-पुण्याहून कुरिअरने येते किंवा इथेच प्रिंट होते. साधनांबद्दल माझी तक्रार नाही. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे ते बिघडते, कारण तपासणी आधीच्या माणसाने केली असेल असे प्रत्येक जण गृहीत धरतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. स्थिर गाइडच्या अचूकतेवरील अभ्यासांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा आढावा असे सांगतो की इम्प्लांट हाडात शिरते तिथे सरासरी सुमारे १.२ मिलिमीटर, त्याच्या टोकाशी सुमारे १.४ मिलिमीटर आणि कोनात सुमारे ३.५ अंश फरक पडतो. ही सरासरी आहे, म्हणजे काही रुग्णांत फरक यापेक्षा जास्त असतो. खालच्या जबड्यातील नसेपासून किमान २ मिलिमीटर अंतर राखण्याचा नियम याच फरकासाठी आहे, आणि ‘आता गाइड आहे, तर एक मिलिमीटर पुरे’ असे म्हणणाऱ्यांनी तो नियमच उलटा वाचला आहे.

सीबीसीटी आणि स्कॅन यांची जुळणी सॉफ्टवेअरवर सोपवणे

माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे, कारण ती दिसत नाही. सीबीसीटीच्या डायकॉम फाइलमध्ये (क्ष-किरण चित्रांची मूळ डिजिटल फाइल) हाड, नस आणि सायनस (वरच्या जबड्यावरची हवेची पोकळी) दिसतात, पण दातांचा पृष्ठभाग तितका रेखीव येत नाही. स्कॅनरच्या एसटीएल फाइलमध्ये (पृष्ठभागाचा त्रिमितीय आकार साठवणारी फाइल) दात आणि हिरडी हुबेहूब येतात, पण आतले हाड नसते. म्हणून दोन्ही फाइली एकमेकींवर बसवाव्या लागतात, आणि मग इम्प्लांट डायकॉममधल्या हाडात आखले जाते, तर गाइडचा आतला पृष्ठभाग एसटीएलमधल्या दातांवरून घेतला जातो. आता जुळणीत दोन मिलिमीटरचा फरक राहिला, तरी गाइड दातांवर तितकेच सुंदर बसणार, कारण ते दातांवरूनच घडवले आहे. गाइडचे बसणे म्हणजे स्कॅन आणि प्रिंट चांगले झाल्याचा पुरावा आहे. जुळणीबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांची केस इथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. त्यांच्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन मोठ्या दाढा, म्हणजे दंतवैद्यकीय क्रमांकांनुसार ३६ आणि ३७, काढलेल्या होत्या आणि उजव्या बाजूच्या दाढांवर धातूच्या कॅप होत्या. ऑक्टोबर छाटणी सुरू होण्याआधी काम उरकावे अशी रुग्णाची इच्छा होती, आणि डॉक्टरांनी तेवढ्यासाठी सगळेच घाईने केले. आखणी बाहेरगावच्या एका केंद्राने रातोरात करून दिली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले स्क्रीनशॉट पाहून डॉक्टरांनी मंजुरी कळवली. त्या चित्रांमध्ये इम्प्लांटच्या टोकापासून नसेपर्यंत बरोबर २ मिलिमीटर अंतर दाखवले होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी गाइड उत्तम बसले. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र जाणकारीने केली: पायलट ड्रिल (पहिले बारीक छिद्र पाडणारी) पूर्ण खोलीपर्यंत न नेता हाडात ६ मिलिमीटरवर थांबेल अशा बेताने वापरली, त्या छिद्रात पिन ठेवली आणि आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) घेतली. पिन ६ ऐवजी जवळजवळ पावणेआठ मिलिमीटर उतरलेली दिसली. त्यांनी तिथेच काम थांबवले आणि सगळ्या फाइली माझ्याकडे पाठवल्या.

त्रिमितीय चित्रात काहीच चुकलेले दिसत नव्हते. आडव्या-उभ्या छेदांत मात्र लगेच उलगडा झाला. उजव्या दाढांभोवती धातूमुळे पांढऱ्या-काळ्या पट्ट्या पसरल्या होत्या, म्हणून आखणी करणाऱ्याने जुळणीचे तिन्ही बिंदू पुढच्या दातांवर घेतले होते. पुढून मागे मोजले तर ते बिंदू जेमतेम ८ ते १० मिलिमीटरच्या पट्ट्यात होते. जवळजवळ ठोकलेल्या तीन खुंट्यांवर लांबलचक मांडव तोलावा, तसा हा प्रकार झाला: पुढे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असलेली चूक ३५ मिलिमीटर मागे, दाढेच्या जागी, पावणेदोन मिलिमीटरची झाली. छेदात एसटीएलची रेघ पुढच्या दातांच्या कडेला चिकटलेली होती, पण मागे ती हाडापासून वर तरंगत होती आणि हिरडी तब्बल ४ मिलिमीटर जाड दिसत होती. भूल दिल्यानंतर डॉक्टरांनी रबरी स्टॉपर लावलेल्या सुईने हिरडीची जाडी मोजून ठेवली होती. ती सव्वादोन मिलिमीटर होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर ड्रिल हातात घेण्याआधीच चूक कळली असती. नसेपासूनच्या त्या २ मिलिमीटरपैकी प्रत्यक्षात पाव मिलिमीटर उरले असते, आणि बहुतेक ड्रिलचे टोक इम्प्लांटच्या नोंदवलेल्या लांबीपेक्षा थोडे पुढे जाते हे लक्षात घेतले तर तेही उरले नसते.

पुढे दोन्ही बाजूंना मागपर्यंत जाणारी, गटापर्चाचे (क्ष-किरणांत उठून दिसणाऱ्या पदार्थाचे) ठिपके असलेली ॲक्रिलिकची स्टेंट (दातांवर बसवायची पट्टी) करून नव्याने सीबीसीटी आणि स्कॅन घेतले, मागच्या टोकाला गाइड हाडात पिनने पक्के केले आणि इम्प्लांट व्यवस्थित बसले. मागे दात नसलेल्या बाजूला ही पिन मी टाळत नाही, कारण ड्रिलच्या दाबाने गाइडचे मोकळे टोक खाली झुकते आणि ते झुकणे वरून पाहणाऱ्याला कळत नाही.

माझी पद्धत साधी आहे. जुळणीचे बिंदू मी कमानीच्या तीन दूरच्या टोकांवर घेतो, धातूच्या कॅपवर कधीच घेत नाही, आणि मग प्रत्येक उरलेल्या दातावर छेद सरकवत एसटीएलची रेघ इनॅमलच्या कडेवर आहे का ते पाहतो. याला दहा मिनिटे लागतात. स्क्रीनशॉटवर मंजुरी देण्याची पद्धत मला मान्य नाही. आखणी कोणीही करो, ती उघडून छेद स्वतः पाहणे हे शस्त्रक्रिया करणाऱ्याचेच काम आहे, कारण बधिर झालेल्या ओठाची तक्रार घेऊन रुग्ण आखणी केंद्राकडे जाणार नाही.

सीबीसीटी काढायला पाठवताना चिठ्ठीत काहीच न लिहिणे

जुळणीची निम्मी दुखणी इथून सुरू होतात. दात एकमेकांवर दाबून काढलेल्या सीबीसीटीत वरच्या आणि खालच्या दातांचे माथे एकमेकांत मिसळतात आणि रेघ जुळवायला जागाच उरत नाही. म्हणून दातांमध्ये कापसाच्या गुंडाळ्या ठेवून जबडे वेगळे करावेत, आणि गाल व ओठ हिरडीपासून दूर राहतील अशीही गुंडाळी ठेवावी, म्हणजे हिरडीची जाडी स्पष्ट दिसते. काढती-घालती कवळी आणि कानातले काढून ठेवण्यास सांगावे. वरच्या पुढच्या दातांची केस असेल आणि रुग्ण स्त्री असेल, तर नाकातल्या चमकीची आठवण आवर्जून करावी. वर्षानुवर्षे न काढलेली चमकी केंद्रावर निघत नाही, ती घरूनच सोडवून यावे लागते. शेवटी, फिल्म किंवा पीडीएफ चालणार नाही, संपूर्ण डायकॉम फोल्डर हवे, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. केवळ प्रिंट हातात घेऊन परतलेल्या रुग्णाला मालेगावहून पुन्हा नाशिकला यायला लावणे योग्य नाही.

गाइड एका किटच्या हिशेबाने, ड्रिल दुसऱ्या किटच्या

गाइडमधील स्लीव्हच्या (ड्रिल जिच्यातून जाते त्या नळीच्या) वरच्या कडेपासून इम्प्लांटच्या माथ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे ऑफसेट, हा गाइडच्या रचनेतला कळीचा आकडा असतो. काही किटमध्ये ९, १०.५ आणि १२ मिलिमीटर असे पर्याय असतात, काहींमध्ये वेगळे. रचना १०.५ वर झाली आणि दवाखान्यात ९ ची ड्रिल उचलली, तर छिद्र दीड मिलिमीटर उथळ होते. १२ ची उचलली तर दीड मिलिमीटर खोल जाते. एका कंपनीची गाइडेड किट विकत घ्यायची, इम्प्लांट स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्या कंपनीचे वापरायचे आणि ‘व्यास तर सारखाच आहे’ असे म्हणायचे, ही काटकसर मला कधीच समजलेली नाही. आखणीसोबत ड्रिलच्या क्रमाचा छापील तक्ता येतो. तो मी सहायकाच्या हातात देतो, त्याने प्रत्येक ड्रिलचा क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि मी ड्रिलवरचा क्रमांक पाहून होकार द्यायचा, असा आमचा शिरस्ता आहे. त्याशिवाय शस्त्रक्रियेआधी सर्वांत लांब ड्रिल गाइडमध्ये घालून, स्लीव्हच्या कडेपासून टोकापर्यंत ती किती बाहेर येते हे मी कॅलिपरने मोजतो आणि आखणीशी ताडून पाहतो.

तोंड किती उघडते हे आधी न मोजणे

गाइडमधून चालवायच्या ड्रिल नेहमीच्या ड्रिलपेक्षा साधारण १० मिलिमीटरने लांब असतात, आणि त्यावर हँडपीसचे (ड्रिल फिरवणाऱ्या हातातल्या यंत्राचे) डोके येते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी गुटखा-सुपारीमुळे तोंड आखडलेले रुग्ण आपल्या दवाखान्यात रोज येतात, आणि अशा रुग्णाच्या दुसऱ्या दाढेपाशी लांब ड्रिल उभी करणे शक्यच नसते. हे भूल दिल्यानंतर लक्षात आले की डॉक्टर ड्रिल तिरकी घालतात किंवा गाइड कापतात, आणि दोन्ही प्रकारांत गाइडचा अर्थ संपतो. पुढच्या दातांमध्ये तीन बोटे उभी जातात म्हणून समाधान मानू नये, कारण मागे जागा कमी असते. तपासणीच्या दिवशीच हँडपीसला सर्वांत लांब ड्रिल लावून, यंत्र बंद ठेवून, ती नेमक्या जागेवर धरून पाहावी. जागा नसेल तर बाजूने उघडे असलेले गाइड करावे, किंवा फक्त पायलट ड्रिलपुरते गाइड वापरून पुढचे काम हाताने करावे.

यावरून एक मत स्पष्टच मांडतो. शनिवार-रविवारचा कोर्स करून, हिरडी उघडून हाड पाहण्याचा सराव नसताना, थेट गाइड लावून छिद्रातून इम्प्लांट टाकणाऱ्या नवोदितांची मला काळजी वाटते. गाइड मोडले, स्लीव्ह निसटली किंवा हाड अपेक्षेपेक्षा अरुंद निघाले, तर फ्लॅप (हिरडीचा पदर) उघडून डोळ्यांनी पाहून काम पूर्ण करता आले पाहिजे. ते येत नसेल तर ती केस अजून आपली नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. सीबीसीटीतील करड्या छटा म्हणजे सीटी स्कॅनची हौन्सफिल्ड मूल्ये (घनता मोजण्याची प्रमाणित एकके) नव्हेत, म्हणून रंगीत पट्टी पाहून हाडाची घनता ठरवू नये. पूर्ण जबड्याच्या स्कॅनमध्ये चूक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठत जाते, म्हणून अनेक इम्प्लांटवरचा एकसंध ब्रिज करण्याआधी पडताळणीची जिग (इम्प्लांटच्या जागा बरोबर आल्या का हे तोंडात तपासायचा सांगाडा) घ्यावी. सैल कवळी घालून ड्युअल स्कॅन (एकदा कवळी घातलेल्या रुग्णाचा आणि एकदा नुसत्या कवळीचा स्कॅन) करू नये, आधी कवळी रिलाइन करावी, म्हणजे आतून नवा थर देऊन घट्ट बसती करावी. प्रिंट झालेले गाइड अल्कोहोलमध्ये धुणे आणि अतिनील प्रकाशात पक्के करणे ठरलेल्या वेळेइतकेच करावे. अर्ध्यावर काढलेले गाइड नंतर आकार बदलते. तयार गाइड एप्रिलच्या उन्हात गाडीत ठेवू नये. क्लोरहेक्सिडिनमध्ये (जंतुनाशक द्रवात) बुडवणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. रेझिनच्या (गाइड ज्यातून प्रिंट होते त्या पदार्थाच्या) उत्पादकाने सांगितलेल्या तापमानालाच ऑटोक्लेव्ह करावे (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करावे) आणि त्यानंतर गाइड मॉडेलवर पुन्हा बसवून गाइडला ठेवलेल्या खिडक्यांमधून (उघड्या जागांतून) फट दिसते का ते पाहावे.

उष्णतेबद्दल मात्र एका ओळीत भागणार नाही. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी त्याला इजा होते, हे जुन्या प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. गाइड ड्रिलला चहूबाजूंनी वेढते आणि हँडपीसमधून येणारे पाणी स्लीव्हवरच अडते. म्हणून ड्रिल सतत दाबून न ठेवता वर-खाली करत चालवावी, सलाइन फ्रिजमध्ये थंड केलेले असावे आणि सहायकाने सिरिंजने खिडकीतून वेगळी धार सोडावी. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातील टणक हाडात बोथट ड्रिल वापरून पैसे वाचवू नयेत. काही आठवड्यांनी न दुखता हललेले इम्प्लांट हातात आले की कंपनीला दोष दिला जातो, आणि त्यातली बरीचशी प्रकरणे या पाण्याच्या धारेशी येऊन थांबतात.

खालच्या दाढांचे इम्प्लांट बसवल्यावर त्याच संध्याकाळी रुग्णाला स्वतः फोन करावा आणि भूल उतरल्याची वेळ होऊन गेल्यावरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर आहे का, हे विचारावे. बधिर असेल तर ‘होईल कमी’ म्हणून आठवडाभर थांबू नये. रुग्णाला लगेच बोलवावे, सीबीसीटी काढावी, आणि इम्प्लांट नसेच्या नळीत किंवा तिला दाबत असल्याचे दिसले तर ते शक्यतो पहिल्या २४ ते ३६ तासांत काढावे, कारण नंतर काढून नस पूर्ववत होण्याची शक्यता झपाट्याने घटते. हा फोन सहायकावर सोपवू नये, आणि रुग्णाने दिलेले उत्तर वेळेसह केसपेपरवर लिहून ठेवावे.