पोलिसांचा वायरलेस न ऐकता बंदोबस्ताची माहिती कशी मिळवावी

एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, जवळ आला की महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर काय चालले आहे आणि कोल्हापूरची एसटी निपाणीपर्यंत तरी येईल का, हे प्रश्न सीमाभागात घरोघरी सुरू होतात. अशा वेळी पोलिसांचा वायरलेस ऐकता आला असता तर बरे झाले असते, असे हमखास कोणीतरी म्हणतो. अमेरिकेत घरी रेडिओ स्कॅनर ठेवून पोलिसांचे बोलणे ऐकण्याची जुनी प्रथा आहे. पण तिथेही शिकागो पोलिसांनी आपल्या वाहिन्या सांकेतिक (एन्क्रिप्टेड, म्हणजे बाहेरच्याला ऐकू न येणाऱ्या) करून जनतेसाठी त्यांचे प्रसारण ३० मिनिटे उशिरा करण्याची पद्धत आणली आणि न्यूयॉर्क पोलिसांनीही २०२३ पासून सांकेतिकीकरण सुरू केले.

आपल्याकडे तंत्राआधी कायदा आडवा येतो. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ नुसार बेकायदा संदेश टिपणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संपर्काचा परवाना हौशी वाहिन्यांपुरता असतो, त्यामुळे तो पोलिसांची वाहिनी ऐकण्याची पळवाट ठरत नाही. ऑनलाइन मागवलेला स्वस्त वॉकी-टॉकी तर त्याहून धोक्याचा.

त्यामुळे घटना घडून गेल्यावर कागदावरची नोंद मिळवणे हाच खरा मार्ग आहे. गुन्हा नोंद झाला असेल, तर आधी कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर शोधावा. संवेदनशील प्रकरणे वगळता तो २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. फिर्याद तुमचीच असेल, तर प्रत विनामूल्य मिळते. घटना हद्दीपलीकडे, म्हणजे चंदगड किंवा कागल बाजूला घडली असली तरीही जवळच्या ठाण्याला फिर्याद नोंदवून घ्यावी लागते, ही गोष्ट सीमाभागातल्या माणसाने विसरू नये.

नियंत्रण कक्षाच्या नोंदी हव्या असतील, तर माहितीचा अधिकार वापरावा. बेळगाव शहरासाठी अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, तर खानापूर, निपाणी यांसारख्या भागांसाठी जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे करावा. येथे भाषेचा घोळ होतो. हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये चालतो. मराठीतला अर्ज स्वीकारण्याचे बंधन या कायद्यात नाही. मात्र गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेचे कलम ३५० देते, म्हणून तक्रार मराठीत आणि माहितीचा अर्ज कन्नडमध्ये, असे दोन वेगळे कागद करणे मला शहाणपणाचे वाटते. भाषेच्या हट्टापायी महिना वाया घालवण्यापेक्षा कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजलेला बरा.

कर्नाटकच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा. सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडावी. "बंदोबस्ताची सर्व माहिती" असे न मागता तारीख, ठिकाण, वेळ आणि नेमकी नोंद लिहावी. तपासाला बाधा किंवा जिवाला धोका या कारणांनी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ खाली नकार येऊ शकतो, म्हणून वगळण्याजोगा भाग वगळून उरलेला भाग कलम १० नुसार द्यावा, असे आधीच लिहून ठेवावे. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. पोचपावतीवर शिक्का घ्यावा, कारण ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत करायच्या पहिल्या अपिलाला तीच लागते.