डॅशबोर्ड मांडण्याआधी, २६ तारखेपर्यंतची तयारी

सगळ्यात आधी एक वही घ्या. ॲप नंतर. दहा दिवस त्या वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: सकाळी टेबलाशी बसल्यावर पहिल्यांदा काय उघडलं, दिवसभरात काय शोधण्यात वेळ गेला, आणि संध्याकाळी उठताना काय राहिल्याची चुटपुट लागली. मी सांगलीत जीएसटी आणि आयकराची कामं करतो. घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं, एक प्रिंटर, मदतीला एक मुलगी आणि साठेक पार्ट्या (म्हणजे ज्यांची कामं करतो ते ग्राहक), एवढाच पसारा. वही भरल्यावर कळलं की मी सर्वांत जास्त वेळा व्हॉट्सॲप उघडतो आणि दिवसभर एकच प्रश्न विचारतो, "अमक्याचा डाटा आला का?" त्याआधी मी हौसेनं जो डॅशबोर्ड, म्हणजे सगळं काम एका नजरेत दाखवणारं ऑनलाइन शीटचं पान, बनवला होता त्यात हवामान होतं, मोठं घड्याळ होतं, रोज बदलणारा सुविचार होता, वर्षभराच्या फीचं रंगीत गोल चित्र होतं. या एका प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावत, ती. मोटार आली तेव्हा त्याच जागी वेग आणि पेट्रोल दाखवणारे काटे बसले. मला ती जुनी फळीच जास्त पटते. काय दाखवायचं हे ठरवण्याआधी काय अंगावर उडू द्यायचं नाही, ते ठरवा. माझ्या वहीत दुसऱ्या यादीचा पहिला मान सुविचाराला मिळाला.

मग तारखा गोळा करा. त्या डोक्यात पाठ आहेत असं आपल्याला वाटतं आणि तिथेच फसगत होते. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटी रिटर्न दरमहा भरणाऱ्यांचं आर-वन (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १३ ला तिमाहीवाल्यांची आयएफएफ (पहिल्या दोन महिन्यांची विक्रीची बिलं कळवायची सोय), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्रीबी (कर भरायचं रिटर्न), तिमाहीवाल्यांचं थ्रीबी महाराष्ट्रात २२ ला, आणि त्यांच्या पहिल्या दोन महिन्यांचं चलन (कराचा भरणा) २५ ला. तिमाहीवाल्या एखाद्या पार्टीची दिल्लीत वेगळी नोंदणी असेल तर तिचं थ्रीबी २२ ला नाही, २४ ला. शिवाय ॲडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. मार्चच्या टीडीएसची तारीख ७ एप्रिल नसून ३० एप्रिल. व्यवसाय कराचे २५०० रुपये ३० जूनच्या आत. हे सगळं एका वेगळ्या पानावर, 'तारखा' नावानं. अट एकच: कुठलीही तारीख शीटमध्ये एकाच ठिकाणी हातानं लिहिलेली असावी, बाकी सगळीकडे ती तिथूनच यावी. मुदतवाढ आली की साठ ओळींत जाऊन तारीख बदलणारा माणूस एकसष्टावी चूक करतोच.

त्या पानावर जिल्ह्याचाही एक रकाना ठेवा. हे मला कुणी शिकवलं नाही, कृष्णेनं शिकवलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर जुलैच्या थ्रीबीची मुदत देशभरासाठी २२ ऑगस्टपर्यंत वाढली, पण पूरग्रस्त जिल्ह्यांना २० सप्टेंबरपर्यंत मिळाली. महाराष्ट्रातल्या त्या यादीत सांगली, कोल्हापूर, सातारा होते, सोलापूर नव्हता. म्हणजे एकाच खोलीत, एकाच महिन्याच्या, एकाच रिटर्नच्या दोन तारखा. ज्याच्या शीटमध्ये 'थ्रीबी' या शब्दासमोर एकच खण आहे त्यानं अशा वेळी काय करायचं?

आता सेटिंग. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि मी ते केलं नव्हतं, म्हणून इथे जरा थांबतो. ऑनलाइन शीट नवी उघडली की ती कुठल्या देशाची पद्धत धरते ते बघा. खात्याची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर ती महिना आधी वाचते आणि दिवस नंतर. मी आर-वनसाठी '११/९' असं लिहिलं, माझ्या मनात ११ सप्टेंबर. शीटनं ते ९ नोव्हेंबर वाचलं. तारीख दोन महिने लांब, त्यामुळे ओळ लाल व्हायचं कारणच नव्हतं. हळदीच्या एका पार्टीचं रिटर्न तसंच राहिलं. १४ ला टुबी (खरेदीवरच्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, दाखवणारी यादी) तयार झाली तेव्हा त्यांची बिलं पुण्याच्या खरेदीदाराला दिसली नाहीत, त्याचं क्रेडिट एक महिना लांबलं आणि त्यानं आमच्या पार्टीला फोन केला. पार्टीनं मला केला. मला तर २० तारखेला थ्रीबी भरायला बसल्यावरच समजलं असतं, कारण आधीचं आर-वन भरल्याशिवाय पोर्टल पुढे जाऊ देत नाही. चूक शीटची नव्हती, सेटिंग न बघणाऱ्याची होती.

तेव्हा फाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन देश भारत आणि वेळ कोलकात्याची करून घ्या. वेळ अमेरिकेची राहिली तर 'आज' दाखवणारं सूत्र सकाळी कालची तारीख दाखवतं, आणि आपलं सगळं काम तर सकाळचंच. तारीख नीट बसली की नाही ते ओळखायची सोपी खूण अशी की खरी तारीख खणात उजवीकडे सरकून बसते. डावीकडे चिकटली असेल तर तो नुसता मजकूर, त्यावरून दिवस मोजले जाणार नाहीत. अमेरिकी सेटिंगमध्ये '२०/९' चं तसंच होतं, कारण विसावा महिना नसतो. '११/९' चुकीची वाचली तरी उजवीकडेच बसते, पण ही खूण मला आधी माहीत असती तर डावीकडची '२०/९' बघून सेटिंगची शंका आली असती आणि तो फोन टळला असता.

पार्ट्यांची यादी हे तयारीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात मोलाचं. प्रत्येक पार्टीला एकच ओळ. दुकानाचं नाव जसं नोंदणीत आहे तसं, आणि त्याच्या शेजारी आपण तोंडानं जे म्हणतो ते, म्हणजे 'स्टँडजवळचे हार्डवेअरवाले', कारण घाईत आपण शोधतो ते दुसऱ्या नावानं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने. त्यातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे पॅन, त्यामुळे पॅनसाठी वेगळं टायपिंग नको. सूत्रानं काढा आणि हातातल्या कागदाशी ताडून बघा. माझ्या यादीत दोन ठिकाणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ निघाला. मग दरमहा की तिमाही, बिलं कोण पाठवतं (मालक, मुलगा की दुकानातला माणूस), आणि त्याला फोन चालतो की मेसेज. हा शेवटचा रकाना कुठल्याही तयार टेम्प्लेटमध्ये सापडणार नाही. तासगावच्या एका बेदाण्यावाल्यांना मेसेज पाठवला तर तो ते सावकाश रविवारी वाचतात. त्यांच्यासमोर मी 'फोनच, तोही जेवणानंतर' असं लिहून ठेवलंय.

स्थितीचे शब्द आधीच ठरवून घ्या आणि मोजकेच ठेवा. आमच्याकडे पाच आहेत: डाटा नाही, डाटा आला, नोंद झाली, रिटर्न भरलं, पार्टीला कळवलं. हे पाचच शब्द निवडयादीतून यायला हवेत, टाइप करून नकोत. पूर्वी मी 'झालं' लिहायचो, मदतीची मुलगी 'ओके' लिहायची, कधी 'पूर्ण', कधी नुसती बरोबरची खूण. मोजणी करायला गेलं की चार वेगवेगळे आकडे. 'जवळजवळ झालं' असा सहावा शब्द घालायचा मोह होईल. घालू नका, त्या शब्दाच्या आडोशाला रिटर्न महिनाभर लपून बसतं. पाचवा शब्द मात्र मी वाद घालून ठेवला. भरलेलं रिटर्न पार्टीला कळवलं नाही तर पुढचे आठ दिवस "भरलं का हो?" असे फोन येत राहतात आणि ते सगळे फोन तुमच्याच वेळातून वजा होतात.

एवढं झाल्यावर पहिलं पान. ते अजूनही शीटमध्ये काढू नका. लॅपटॉपच्या पडद्याएवढा चौकोन कागदावर आखा आणि पेन्सिलीनं भरा. खाली सरकवावं लागेल असं काही नको, कारण दुसऱ्या पडद्यावर गेलेली गोष्ट कामाच्या गर्दीत दिसत नाही. माझ्या चौकोनात तीनच कप्पे उरले. वर डावीकडे सगळ्यात जवळची तारीख आणि तिला उरलेले दिवस. त्याखाली 'डाटा नाही' असलेल्या पार्ट्या, ज्याची मुदत आधी तो वर, आणि जास्तीत जास्त सात. आठवी पार्टी असते, पण सात फोन झाल्याशिवाय तिचं नाव बघून काही उपयोग नाही. उजवीकडे 'नोंद झाली पण भरलं नाही' अशांची संख्या. १४ ते २० तारखेच्या दरम्यान हीच संख्या माझं जेवण ठरवते; टुबी १४ ला येते, जुळवायला हातात सहा दिवस, आणि १९-२० ला पोर्टल गोगलगाय होतं. तारीख चुकली की थ्रीबीला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, काहीच व्यवहार नसेल तरी २०, आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. फीच्या वसुलीचा आकडा मी मुद्दाम पहिल्या पानावर ठेवला नाही. तो सकाळी बघितला की कामाआधीच डोकं तापतं. महिन्यातून एकदा, स्वतंत्र पानावर, चहाबरोबर.

रंगांचं थोडक्यात. लाल एकच आणि तो तीन दिवसांच्या आत आलेल्यालाच. आठवड्याच्या आतलं पिवळं, दहा दिवसांतलं केशरी अशा छटा लावल्या की पान रांगोळीसारखं दिसतं आणि कुणी बघेनासं होतं. लाल-हिरवा फरक ज्यांना नीट दिसत नाही असे लोक आपल्या ओळखीतच असतात, म्हणून रंगाबरोबर 'उद्या' किंवा 'आज' असा शब्दही उमटू द्या.

व्हॉट्सॲपचा नियम शीट उघडण्याआधी ठरवा, नंतर तो कधीच ठरत नाही. आमचा असा आहे: बिलाचा फोटो आला म्हणजे डाटा आला असं नाही. फोटो त्या पार्टीच्या फोल्डरमध्ये गेला आणि शीटवर स्थिती बदलली की मगच आला. व्यवसायाच्या व्हॉट्सॲपमध्ये लेबलं लावता येतात, पण मी लेबलांची दुसरी यादी चालवून बघितली आणि सोडली. दोन याद्या ठेवल्या की त्या आठवडाभरात एकमेकींशी भांडायला लागतात. मुख्य फोनशिवाय चार यंत्रं जोडता येतात, त्यामुळे मदतनीसाच्या लॅपटॉपवरही तेच खातं उघडं असतं. कोणत्या वेळेत कोण फोटो उतरवून घेणार तेवढं वाटून घ्या, नाहीतर एकच बिल दोनदा नोंदलं जातं.

काय ठेवायचं नाही त्याची यादी छोटी आहे. पोर्टलचे पासवर्ड शीटमध्ये नकोत, पार्टी कितीही म्हणाली तरी. त्यासाठी बिटवॉर्डनसारखं पासवर्ड सांभाळणारं ॲप घ्या. आधारचे फोटो नकोत. शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी नाही ना ते बघा, आणि मदतनीसाला तिच्या स्वतःच्या खात्यानं प्रवेश द्या, तुमचं खातं देऊन नव्हे. ती उद्या बँकेत लागली तर एका टिचकीत प्रवेश काढता आला पाहिजे आणि पेढेही खाता आले पाहिजेत.

वीज आणि नेट जाणार हे धरून चाला. दर सोमवारी पहिलं पान आणि पार्ट्यांची यादी छापून पाटीला लावायची, महिन्याअखेर पूर्ण शीट उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवायची. पेन ड्राइव्ह वरच्या मजल्यावर. सांगलीत राहणाऱ्याला याचं कारण विचारू नये.

भिंतीवरचं कॅलेंडर काढू नका. पहिला पूर्ण महिना दोन्ही शेजारी चालवा. लाल पेनानं कॅलेंडरवर खूण आणि शीटवर स्थिती, आणि रोज संध्याकाळी दोन्ही एकच बोलतात का ते बघायचं. माझ्या पहिल्या महिन्यात चार वेळा कॅलेंडर बरोबर होतं आणि एकदा शीट.

राहिला मुहूर्त. एक तारीख चांगली वाटते, पण १ ला सुरुवात केली की ७ आणि ११ अंगावर येतात आणि अर्धवट शीट तशीच सोडून आपण जुन्या वहीकडे वळतो. २५ चं चलन गेलं की २६ ते महिनाअखेर फोन जरा शांत असतात. ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या टीडीएस रिटर्नच्या तारखा असलेले महिने टाळा; जुलै तर आयकरामुळेही टाळाच. म्हणजे जून, ऑगस्ट किंवा नोव्हेंबर. २६ ला सकाळी वही, तारखांचं पान, पार्ट्यांची यादी आणि पेन्सिलीचा चौकोन घेऊन बसा. दुपारपर्यंत शीट उभी राहते. मग पहिल्या सात जणांना फोन लावायला घ्या, बेदाण्यावाल्यांना जेवणानंतर.