बेळगावहून पुणं, मुंबई, बेंगळूर: किती तास धरायचे?

बदली होऊन बेळगावात आलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो, इथून पुणं किती लांब आणि विमान आहे का? साताऱ्याहून आलो तेव्हा मीही हेच विचारलं होतं. त्याला आता वीस वर्षं झाली. हल्ली मी किलोमीटर सांगत बसत नाही. इथल्या दाराला कुलूप लावल्यापासून तिथली बेल वाजेपर्यंत किती तास, तेवढं सांगतो.

पुणं रस्त्यानं साधारण ३४० किलोमीटर, हवाई अंतर ३१० च्या आसपास. हायवे जवळजवळ नाकासमोरच जातो, उडून वाचणार ते तीसेक किलोमीटर. तेव्हा पुण्यासाठी विमानाच्या नादी लागू नका. गाडीनं सहा-सात तास धरा, कागलपुढं सहापदरीचं काम आडवं आलं तर आणखी एक. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावला थांबते, पण रोज नसते. वार बघून बेत करा.

बेंगळूरचं गणित मात्र मी स्वतः चुकवलंय. रस्ता पाचशेच्या घरात, हवाई अंतर साधारण ४४०, तिकिटावर सव्वा तास. ११ च्या मीटिंगसाठी सकाळचं विमान धरलं आणि घरमालकीण मावशींना ऐटीत सांगितलं, तासाभरात पोचतोय. शहापुरातल्या त्या मावशी अंगणात भांडी घासत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "विमान पोचतंय की हो, तुम्ही कवा पोचणार?"

तसंच झालं. सांबऱ्याचा विमानतळ गावापासून दहा-अकरा किलोमीटर, तिथं तास-दीड तास आधी हजर राहायचं. उतरलो देवनहळ्ळीला, बेंगळूरचा विमानतळ तिथंच. तिथून मॅजेस्टिक, म्हणजे बेंगळूरचं मुख्य बसस्टँड, पस्तीसेक किलोमीटर, आणि तेवढ्यालाच दोन तास गेले. मीटिंग संपत आली होती. तेव्हापासून बेंगळूरला राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. संध्याकाळी बसा, रात्रभर झोपा, सकाळी मॅजेस्टिकसमोर उतरा.

तिकिटावरच्या वेळेत विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं तो वेळही धरलेला असतो. पंख्याचं छोटं विमान असेल तर वेग ताशी पाचशेच्या आसपास, मोठ्या जेटच्या मानानं बराच कमी. म्हणून ४४० किलोमीटरला सव्वा तास दिसला तर गोंधळू नका.

मुंबईला मात्र विमान परवडतं, वेळेनं तरी. रस्ता पाचशेला टेकलेला, हवाई अंतर चारशे. अंधेरी-पार्ल्याकडं काम असेल तर उतरल्या उतरल्या पोचलात. पण फेऱ्यांचं वेळापत्रक बदलत असतं, गेल्या वर्षीच्या भरवशावर राहू नका.

पावसाळ्यात हे सगळे तास विसरा. २०१९ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला आणि कोल्हापूरच्या शिरोलीला हायवेवर पाणी आलं, तेव्हा पुण्याची वाट काही दिवस बंद होती. गोव्याला चोर्ल्यातून जाणार असाल तर घाट चालू आहे का, ते आधी विचारा.

आणि सीमाभागातलं एक. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी लोकांचा काळा दिवस, जवळ आला, सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटकाच्या विधानभवनात, हिवाळी अधिवेशन भरलं किंवा कुठं भाषेवरून ठिणगी पडली, की दोन्ही राज्यांच्या बस कधी कधी हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं थांबतात. त्या दिवसांत स्टँडवर कंडक्टरलाच विचारा, गाडी निपाणीपर्यंत आहे की थेट कोल्हापूर.